स्किप न करता ऐक ना!

‘हे ऐकच!’ असं म्हणून कुणी लिंक पाठवली की आपण काय करतो? हार्टचा इमोजी टाकतो, ‘भारी!’ लिहितो आणि ऐकत नाही. ऐकलंच तर वीस सेकंदांत स्किप. मीही हेच करायचे, रूममेटशी करार होईपर्यंत.

ती मिरजेची. तंतुवाद्यांचं गाव, घरात गाणं, स्वतः आठवीपासून शिकलेली. पण आमच्या खोलीत तिचा तानपुरा गवसणीतच असायचा. एका स्पर्धेत परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘पाठांतर छान आहे.’ त्या दिवसापासून तिचा रियाज बंद आणि विशारदचा फॉर्मही तसाच पडलेला. मी तिकडे इलेक्ट्रॉनिक, अँबियंट, नॉइज असलं काहीबाही ऐकणारी. एकमेकींच्या हेडफोनमधलं आम्हाला काही म्हणजे काही कळायचं नाही.

करार साधा होता. आठवड्याला एकच लिंक द्यायची. समोरचीनं ती पूर्ण ऐकायची आणि मगच बोलायचं.

पहिली पाळी माझी. मी दिला चरणजित सिंग यांचा १९८२ चा अल्बम, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या या मुंबईकर वादकानं रोलँडच्या यंत्रांवर दहा राग वाजवले. तेव्हा तो अल्बम फारसा कुणी घेतला नाही. पुढे शिकागोत त्याच टीबी-३०३ यंत्रातून ‘अ‍ॅसिड हाउस’ जन्माला आलं आणि २०१० मध्ये हा अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा जगभरचे डीजे चाट पडले.

रूममेटनं भैरव ऐकला. आधी कपाळाला आठी. ‘अगं, रिषभाला आंदोलन कुठंय?’ मग पुन्हा ऐकला. ‘पण थांब हं, इथं स्वर घसरवलाय बघ. मींड घ्यायचा प्रयत्न आहे हा!’ बीटमध्ये मींड शोधायची असते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

तिची लिंक होती किशोरी आमोणकरांचा भूप. मी बसमध्ये लावला. पाच मिनिटं झाली तरी माझ्या मते काहीच ‘होत’ नव्हतं. तिला मेसेज केला, तर उत्तर आलं, ‘काही व्हायची वाट बघू नकोस. पाचच स्वर आहेत. त्या सा वर परत कधी येतात तेवढंच बघ.’ ऐकता ऐकता माझा स्टॉप मागे गेला.

तिसऱ्या आठवड्यात मी टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचं ‘इन सी’ दिलं. १९६४ ची रचना. एकूण ५३ छोटे तुकडे. प्रत्येक वादकानं ते क्रमानं वाजवायचे, पण कुठला तुकडा किती वेळा घ्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यामुळे दर वेळी रचना वेगळी होते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे इथं नुसतं पाठांतर करून भागत नाही.’

मग मी तिला पुढची गोष्ट सांगितली. हेच रायली १९७० पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे गाणं शिकले. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. ती उठून बसली. किराणा म्हणजे अब्दुल करीम खाँ, आणि करीम खाँसाहेब म्हणजे मिरज! ‘आमच्याच घराण्याचा निघाला की गं हा!’

अशी देवाणघेवाण त्याआधीही झाली आहे. १९४६ मध्ये गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. तिथं जॉन केज त्यांना पाश्चात्त्य काउंटरपॉइंट शिकवायचे आणि त्या केजना भारतीय संगीत. फी कुणीच घ्यायची नाही. त्याच काळात केजनी पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबर अडकवून ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ रचलं. त्यामागे आपल्याकडच्या नवरसांची कल्पना होती. १९५२ चं त्यांचं ‘४’३३”’ तर वादकानं एकही स्वर न वाजवण्यासाठी प्रसिद्ध आहे.

अ‍ॅप आपल्याला आवडलेल्यासारखंच पुढचं गाणं देतं. न आवडणारं गाणं मात्र माणूसच देतो, कारण ते का ऐकायचं हे सांगायला तो शेजारी असतो. तुम्हालाही असा करार करायचा असेल, तर आमचे तीन नियम घ्या :

• दहा लिंक नकोत, एकच द्या.
• सोबत एक ओळ लिहा : नेमकं काय ऐकायचं?
• ‘नाही आवडलं’ चालेल, पण कुठल्या मिनिटाला, ते सांगायचं.

भूप मला अजून पूर्ण कळलेला नाही. तिला नॉइज म्हणजे बिघडलेला मिक्सर वाटतो. विशारदच्या फॉर्मचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही. पण गेल्या रविवारी पहाटे पावणेसहाला जाग आली ती तानपुऱ्याच्या आवाजानं. गवसणी खुर्चीवर पडलेली आणि ती भैरवाचा रिषभ लावत बसलेली. चुकली की थांबायची आणि तोच स्वर पुन्हा लावायची, मनाला येईल तितक्या वेळा.

झोप पार उडाली. मी उशी डोक्यावर ओढली, पण कान उघडेच ठेवले. स्किपचं बटण काही तिथं नव्हतंच, आणि असतं तरी दाबलं नसतं.