शेत शेतच राहील : अमेरिकेतील रणभूमींच्या जतनाचा मागोवा

अमेरिकेतील उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांमधले यादवी युद्ध (१८६१–६५) बहुतांशी शेतांत, कुरणांत आणि चौरस्त्यावरच्या लहान गावांभोवती लढले गेले. लढाया संपल्यावर या जमिनी मूळ मालकांकडेच राहिल्या आणि पुढच्या हंगामात त्यांत पुन्हा पेरणी झाली. रणभूमीवर किल्ल्यासारखे किंवा देवळासारखे जपण्याजोगे बांधकाम फारसे नसते. जपायचे असतात ते जमिनीचे चढउतार, जुन्या वाटा, कुंपणे, रानाची कड आणि नजर पोचेल तिथवरचे मोकळे शिवार. एखादी टेकडी सपाट केली, की तोफा नेमक्या तिथेच का लावल्या होत्या हे समजून घेण्याचा आधारच जातो. त्यामुळे या रणभूमींच्या जतनाचा इतिहास हा मुख्यतः जमिनीची मालकी, तिचा भाव आणि तिचा वापर यांचा इतिहास आहे.

माजी सैनिकांचा काळ

पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवस चालली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार सैनिक मारले गेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. गावाची वस्ती होती सुमारे २,४००. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड मॅकॉनही या स्थानिक वकिलाने रणभूमीवरचे मोक्याचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली. ३० एप्रिल १८६४ रोजी राज्याच्या सनदेने ‘गेटिसबर्ग बॅटलफील्ड मेमोरियल असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली, तेव्हा युद्ध संपायला अजून वर्ष होते. कल्प्स हिल, सिमेट्री हिल आणि लिटल राउंड टॉप या टेकड्यांवरील जमिनी संस्थेकडे आल्या.

पुढच्या दोन दशकांत जुन्या पलटणींचे सैनिक आपापल्या जागी स्मारके उभारू लागले. पलटण जिथे लढली तिथेच तिचा दगड बसायचा, त्यामुळे स्मारकांबरोबर सैन्याच्या रांगांचा नकाशाही जमिनीवर उमटत गेला. हे सैनिक उतारवयाला लागले होते आणि त्यांतले बरेच जण काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, निवडून आले होते. १९ ऑगस्ट १८९० रोजी जॉर्जिया व टेनेसी या राज्यांतील चिकमॉगा आणि चॅटनूगा इथे पहिले राष्ट्रीय लष्करी उद्यान स्थापन करणारा कायदा झाला. त्यासाठी एकेकाळचे शत्रू एकत्र आले होते. पाठोपाठ शायलो (१८९४), गेटिसबर्ग (१८९५) आणि व्हिक्सबर्ग (१८९९) ही उद्याने झाली. त्यांचा कारभार युद्धखात्याकडे होता.

दोन निर्णय

या दशकातील दोन निर्णयांनी पुढच्या शतकाची दिशा ठरवली. पहिला मेरिलँडमधील अँटीटमचा. १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात तिथे सुमारे २३ हजार सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मात्र चिकमॉगासारखी हजारो एकर जमीन घेणे खर्चाचे होते. म्हणून इथे रस्त्याच्या कडेच्या अरुंद पट्ट्या तेवढ्या घ्यायच्या, त्यांवर माहितीच्या पाट्या लावायच्या आणि बाकीचे शिवार शेतकऱ्यांकडेच राहू द्यायचे असे ठरले. आजूबाजूची शेते शेतेच राहतील, हे त्यामागचे गृहीतक होते. ‘अँटीटम योजना’ या नावाने ही पद्धत रूढ झाली आणि पुढे व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्गच्या परिसरातही वापरली गेली. त्या काळात गृहीतक चुकीचे नव्हते. मोटार यायची होती आणि शहरे दूर होती.

दुसरा निर्णय न्यायालयाचा. १८९३ मध्ये एका कंपनीने गेटिसबर्गच्या रणभूमीतून पर्यटकांसाठी विजेच्या ट्रामचे रूळ टाकायला घेतले. डेव्हिल्स डेन हा प्रचंड शिळांचा भाग लढाईत नेमबाजांचा आडोसा होता. तिथल्या शिळा रुळांसाठी सुरुंगाने फोडल्या जाऊ लागल्या, तेव्हा माजी सैनिक खवळले. सरकारने जमीन सक्तीने संपादन करण्याची कारवाई सुरू केली आणि कंपनी न्यायालयात गेली. रणभूमी जपणे हे ‘सार्वजनिक कारण’ ठरते का, एवढाच प्रश्न होता. २७ जानेवारी १८९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ‘होय’ असे उत्तर दिले. न्यायमूर्ती रूफस पेकम यांनी लिहिलेला हा निकाल ऐतिहासिक वारशासाठी भूसंपादन करण्याचा कायदेशीर पाया ठरला. ट्राम मात्र त्यानंतरही बरीच वर्षे धावत राहिली.

१९३३ मध्ये ही सर्व उद्याने युद्धखात्याकडून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली.

उपनगरांची धडक

दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्ग आले आणि त्यांच्यामागोमाग घरे, मोटेल, पेट्रोल पंप आणि बाजारसंकुले आली. वॉशिंग्टन आणि रिचमंड या युद्धकाळातील दोन राजधान्यांच्या दरम्यान लढाया सर्वांत दाट झाल्या होत्या, आणि नेमका हाच पट्टा उपनगरांनी भरू लागला. ज्या रस्त्यांसाठी सैन्ये लढली होती, तेच रस्ते आता वस्तीला उपयोगी पडत होते. फ्रेडरिक्सबर्गजवळचे सेलम चर्च १८६३ च्या लढाईचे केंद्र होते. आज ते वाहतुकीच्या रस्त्याशेजारी, दुकानांच्या गराड्यात उभे आहे.

गेटिसबर्गमध्ये एका उद्योजकाने उद्यानाला लागून असलेल्या खाजगी जमिनीवर ३०७ फूट उंचीचा निरीक्षण मनोरा बांधायचे ठरवले. पेनसिल्व्हेनिया राज्याने पर्यावरणविषयक घटनादुरुस्तीचा आधार घेऊन त्याला विरोध केला, पण खटला हरला. १९७४ मध्ये मनोरा खुला झाला. रणभूमीवर कुठेही उभे राहिले तरी तो नजरेत घुसायचा. शेवटी केंद्र सरकारने ती जागा संपादन केली आणि लढाईच्या वर्षदिनी, ३ जुलै २००० रोजी, हजारो लोकांसमोर सुरुंग लावून मनोरा पाडला.

व्हर्जिनियातील शँटिलीला असा उलटा प्रवास लाभला नाही. १ सप्टेंबर १८६२ रोजी वादळी पावसात तिथे लढाई झाली आणि आयझॅक स्टीव्हन्स व फिलिप कर्नी हे उत्तरेचे दोन सेनानी पडले. १९८० च्या दशकात बुलडोझर फिरले आणि त्या जागी सदनिका, कार्यालये व दुकाने उभी राहिली. उरलेले उद्यान जेमतेम पाच एकरांचे आहे. एवढी जमीन डोळ्यांदेखत गेल्यामुळे काही इतिहासप्रेमींनी १९८७ मध्ये रणभूमीवरील जमीन विकत घेण्यासाठीच एक संस्था काढली. मोर्चे आणि निवेदने यांवर विसंबण्याचे दिवस संपल्याची ती खूण होती.

मनॅसस : दोनदा वाचलेली भूमी

वॉशिंग्टनपासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या मनॅसस इथे १८६१ व १८६२ अशा दोन लढाया झाल्या. दुसऱ्या लढाईत दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचे ठाणे स्टुअर्ट्स हिल या टेकडीजवळ होते. ही जागा उद्यानाच्या हद्दीबाहेर होती आणि तिथे घरे व कार्यालये बांधायला स्थानिक प्रशासनाने परवानगी दिली होती. १९८८ च्या आरंभी विकासकाने त्याच आराखड्यात अवाढव्य मॉल घातला आणि वाद देशभर गाजला. शेजारीच राहणाऱ्या अ‍ॅनी स्नायडर या माजी मरीन अधिकारी महिलेने विरोधाची आघाडी सांभाळली. काम सुरू झालेले असतानाच काँग्रेसने ‘कायद्याने ताबा’ हा क्वचित वापरला जाणारा मार्ग पत्करला. नोव्हेंबर १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही होताच सुमारे ५५० एकर जमिनीची मालकी सरकारकडे गेली आणि किंमत नंतर ठरली. ती दहा कोटी डॉलरच्याही बरीच वर गेली. शंभर वर्षांपूर्वी न घेतलेल्या शेतजमिनीला आता बांधकामाच्या जमिनीचा भाव मोजावा लागला.

हा मार्ग पुन्हा परवडणारा नव्हता. म्हणून १९९० मध्ये काँग्रेसने यादवी युद्धाच्या स्थळांची पाहणी करण्यासाठी आयोग नेमला. १९९३ च्या अहवालानुसार युद्धात सुमारे १०,५०० चकमकी झाल्या आणि त्यांपैकी ३८४ लढाया महत्त्वाच्या होत्या. या ३८४ रणभूमींपैकी ७१ आधीच नष्ट झाल्या होत्या आणि ४३ टक्के पूर्णपणे खाजगी मालकीच्या होत्या. प्रत्येक रणभूमीचा ‘अभ्यासक्षेत्र’ आणि प्रत्यक्ष लढाईचा ‘गाभा’ असा दुहेरी नकाशा केला गेला. कोणता तुकडा आधी घ्यायचा, हे त्यामुळे तातडीच्या क्रमाने ठरवता येऊ लागले.

अहवाल आला त्याच वर्षी डिस्ने कंपनीने मनॅससपासून काही किलोमीटरवर हेमार्केट इथे सुमारे ३,००० एकरांत इतिहासावर आधारित करमणूक उद्यान उभारण्याची घोषणा केली. राज्य सरकार अनुकूल होते. कंपनीची जागा रणभूमी नव्हती. तिच्यामागून येणारी हॉटेले, रस्ते आणि वस्ती आसपासचा सगळा ऐतिहासिक परिसर गिळतील, ही भीती होती. जेम्स मॅकफर्सन, डेव्हिड मॅकलो आणि शेल्बी फूट यांच्यासारखे इतिहासलेखक विरोधात उतरले. सप्टेंबर १९९४ मध्ये कंपनीने योजना मागे घेतली.

भाव मोजून जतन

१९९९ मध्ये १९८७ ची ती संस्था आणि आणखी एक अशा दोन संस्थांचे विलीनीकरण होऊन एकच मोठी संस्था झाली. २०१८ पासून ती ‘अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्ट’ या नावाने ओळखली जाते. तिची पद्धत साधी आहे. जमीन विकायला तयार असलेल्या मालकाकडून ती बाजारभावाने घेतली जाते. केंद्राच्या अनुदानातून जास्तीत जास्त निम्मी किंमत मिळते. उरलेली राज्याचे अनुदान आणि देणग्या यांतून उभी केली जाते. २००२ च्या कायद्याने हे अनुदान पक्के झाले आणि २०१४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध व १८१२ च्या युद्धाच्या रणभूमींनाही लागू झाले.

मालकाला जमीन विकायची नसेल, तर ‘संवर्धन करार’ होतो. त्यात मालकी आणि शेती त्याच्याकडेच राहते, पण बांधकामाचा हक्क तो कायमचा सोडतो. मोबदला पैशांत किंवा करसवलतीत मिळतो. करार जमिनीला चिकटलेला असतो, त्यामुळे पुढच्या मालकालाही तो बांधतो. ‘शेत शेतच राहील’ या जुन्या गृहीतकाचे असे दस्तऐवजात रूपांतर झाले. अँटीटमभोवतीचे शिवार मोठ्या प्रमाणात याच करारांनी वाचले आहे. लढाईत तुडवले गेलेले मिलर यांचे मक्याचे शेत आजही शेत आहे. ते आता उद्यानाच्या हद्दीत असले, तरी तिथे मक्याची पेरणी होते. मका पुरुषभर वाढला, की समोरची रांग हाकेच्या अंतरावर येईपर्यंत का दिसत नव्हती, हे बांधावर उभे राहिल्यावर लगेच कळते.

काही ठिकाणी बांधलेले पाडून जमीन परत मिळवली गेली. टेनेसीतील फ्रँकलिनची लढाई ३० नोव्हेंबर १८६४ रोजी झाली आणि पुढे गाव त्या रणभूमीवर पसरले. सेनानी पॅट्रिक क्लेबर्न जिथे पडला असे मानले जाते, तिथे पिझ्झाचे दुकान होते. २००५ मध्ये ते विकत घेऊन पाडण्यात आले. गेटिसबर्गला लीच्या ठाण्याच्या दगडी घराशेजारचे मोटेल २०१६ मध्ये पाडले गेले. गेटिसबर्गमधलीच १९६२ ची, वास्तुविशारद रिचर्ड नॉइट्रा यांची इमारत २०१३ मध्ये पाडली, तेव्हा मात्र आधुनिक वास्तुकलेचे जाणकार विरोधात होते. वारशाचे दोन दावे एकाच जागेवर आले, की एकाला हटावे लागते.

जमिनीखालचा पुरावा

लढाईच्या जागेचे पुरातत्त्वही याच काळात विकसित झाले. माँटानातील लिटल बिगहॉर्न इथे १८७६ मध्ये मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टर याच्या तुकडीचा पाडाव केला होता. १९८३ मध्ये वणव्यात तिथले गवत जळाले आणि पुढच्या वर्षी धातुशोधक यंत्रांनी पद्धतशीर पाहणी झाली. प्रत्येक गोळी व पुंगळी कुठे मिळाली याची नोंद झाली. बंदुकीच्या पिनेचा पुंगळीवर उमटणारा ठसा प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. त्यावरून एकच बंदूक रणभूमीवर कुठून कुठे सरकली, हे मांडता आले. पुंगळी जागची हलली, की हा पुरावा संपतो. हौशी शोधकांनी नेलेल्या वस्तूंमुळे म्हणूनच पायाच्या खोदाईइतकेच नुकसान होते.

जमिनीवर काय सांगायचे, हेही बदलले. माजी सैनिकांच्या काळात भर होता शौर्यावर आणि समेटावर, आणि गुलामगिरी बाजूला पडली होती. २००० च्या सुमारास काँग्रेसच्या सूचनेवरून उद्यान सेवेने युद्धाच्या कारणांत गुलामगिरीचे स्थान रणभूमींवर सांगायला सुरुवात केली. रिचमंडजवळच्या न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईसाठी १४ कृष्णवर्णीय सैनिकांना सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. अशा जागा जतनाच्या यादीत वर येण्यामागे हा बदललेला दृष्टिकोन आहे.

विदाकेंद्रांचे आव्हान

२००९ मध्ये व्हर्जिनियातील वाइल्डरनेसच्या रणभूमीलगत वॉलमार्टच्या दुकानाला स्थानिक मंडळाने परवानगी दिली. अडीचशेहून अधिक इतिहासकारांनी विरोधाचे पत्र लिहिले आणि खटला दाखल झाला. जानेवारी २०११ मध्ये सुनावणीच्या तोंडावर कंपनीने माघार घेऊन दुकान दुसरीकडे बांधले आणि पुढे ती जागा राज्याला दान केली.

त्यानंतरचा दबाव विदाकेंद्रांचा आहे. इंटरनेटवरील माहितीचा साठा सांभाळणाऱ्या या इमारती उंच आणि खिडकीविरहित असतात. त्यांना प्रचंड वीज लागते, म्हणून उपकेंद्रे आणि मनोऱ्यांच्या रांगाही त्यांच्यासोबत येतात. उत्तर व्हर्जिनिया हे या उद्योगाचे जगातील सर्वांत मोठे केंद्र आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मनॅससच्या उद्यानाला लागून २,१०० एकरांहून अधिक जमिनीवर अशा संकुलाला मंजुरी मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने जाहीर सूचना देण्यातील त्रुटींमुळे ती रद्द ठरवली आणि प्रकरण अपिलात गेले. वाइल्डरनेसजवळही २०२३ मध्ये सुमारे २,६०० एकरांच्या मोठ्या विकासाला मंजुरी मिळाली, त्यात विदाकेंद्रेही आहेत.

ट्रस्टच्या प्रयत्नांतून २०२५ पर्यंत सुमारे ६० हजार एकर रणभूमी सुरक्षित झाली. १८६४ पासून साधने बदलत गेली : आधी वर्गणी, मग संसदेचा कायदा, सक्तीचे संपादन, बाजारभावाने खरेदी आणि शेवटी करार. मॉलचा प्रश्न हद्दीबाहेरच्या टेकडीवरून निघाला होता आणि विदाकेंद्रांचा हद्दीला लागलेल्या जमिनीवरून. त्यामुळे जतनाचे काम आता उद्यानाच्या कुंपणापलीकडे, शेजारच्या जमिनीचा वापर ठरवणाऱ्या स्थानिक मंडळांच्या बैठकांत चालते.