मुंबईला वळसा घालणारी लाइन

मुंबईच्या लोकलचे जुने रूळ सगळे बंदराच्या ओढीने दक्षिणेकडे धावतात. नकाशावर मात्र वसई रोडवर बोट ठेवा आणि पूर्वेकडे सरका : जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, कोपर, दिवा आणि पुढे तळोजा-कळंबोलीवरून पनवेल. ही लाइन मुंबईत शिरतच नाही!

जीआयपी रेल्वे 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली, बीबीसीआय रेल्वेने किनाऱ्याची वाट धरली. मुंबईतून बाहेर पडल्यावर या दोघींची गाठ पुन्हा पडायची ती थेट खानदेशात, सुरत-जळगाव मार्गावर. दिवा ते वसई अंतर जेमतेम चाळीस-बेचाळीस किलोमीटर, पण रेल्वेने जायचं तर दादरला येऊन गाडी बदलावी लागे. दिवा-पनवेल मार्ग साठच्या दशकात झाला होता. वसईचा दुवा 1980 च्या दशकात जोडला गेला, तोही मुख्यतः मालगाड्यांसाठी. प्रवासी गाड्या त्यानंतर आल्या. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि या आडबाजूच्या रुळांवरून राजधानी एक्सप्रेस केरळला जाऊ लागली.

कोपरला एकदा उतरून बघाच. खाली मध्य रेल्वेची खच्चून भरलेली लोकल, आणि तिच्या डोक्यावरून आडवी जाणारी आपली लाइन. वरच्या फलाटावर उभं राहिलं की पायाखालून लोकलमागून लोकल जातात. वरची मेमू मात्र वेळापत्रक पाठ असलेल्यालाच सापडते. माणसं येत नाहीत म्हणून गाड्या कमी, असं सांगितलं जातं. मला ते उलटं वाटतं. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या शहराला प्रवाशांची वाण कशी असेल?

अडचण रुळांवरच्या मालगाड्यांच्या गर्दीची आहे. याच पट्ट्यातून जेएनपीटी बंदर ते दादरी हा स्वतंत्र मालवाहू मार्ग आखला आहे. मालगाड्या तिकडे वळल्या की इथे जागा होईल. पनवेल-वसई उपनगरी मार्गाचा प्रस्तावही आहेच.

दुसरी गंमत वसईची. 2024 पासून वांद्र्याहून मडगावला जाणारी एक्सप्रेस वसईला थांबते. इंजिन एका टोकाचं सुटतं, दुसऱ्या टोकाला लागतं आणि पुढे तोंड करून बसलेला प्रवासी इथून पाठमोरा कोकणात निघतो. कारण फाटा गुजरातकडून येणाऱ्या गाड्यांना सरळ पडतो, मुंबईकडून येणाऱ्यांना उलटा. यावर उपाय म्हणून नायगाव ते जूचंद्र असा सुमारे 6 किलोमीटरचा जोडमार्ग मंजूर झाला. तो वापरात आला की बोरिवलीहून निघालेली गाडी नायगावलाच वळेल. इंजिनाचं टोक बदलायला नको, वेळही वाचेल. फक्त त्या गाडीला वसई लागणार नाही, आणि गणपतीला गावी निघालेला वसईकर यावर काय म्हणेल ते छापण्याजोगं नसेल.