पाचव्या डाउनचा हिशोब
लेखमाला : अमेरिकन कॉलेज फुटबॉल, भाग ७

घड्याळ कधी थांबतं, कधी धावतं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज मोजणीबद्दल. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. गोलरेषा त्याहून जवळ असेल तर चार डाउनमध्ये टचडाउन करायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. कितवा डाउन चालू आहे, ते मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस खांबावरचा आकडा बदलून दाखवतो.

६ ऑक्टोबर १९९० रोजी मिसुरी राज्यातल्या कोलंबियात हा आकडा एकदा बदलायचा राहिला.

कोलोरॅडोचा संघ मिसुरीविरुद्ध २७-३१ असा मागे होता. गोलरेषा तीन यार्डांवर होती आणि हातात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ. पहिल्या डाउनला क्वार्टरबॅक चार्ल्स जॉन्सनने चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला. त्याने घड्याळ थांबतं, पण एक डाउन खर्ची पडतो. दुसऱ्याला एरिक बिएनेमीला रेषेच्या अलीकडेच अडवलं गेलं आणि कोलोरॅडोने शेवटचा टाइमआउट घेतला. त्या गडबडीत खांबावर दोनचा आकडा तसाच राहिला. पंचांच्याही ते लक्षात आलं नाही. तिसऱ्याला बिएनेमी पुन्हा अडला. चौथ्या डाउनला, म्हणजे खांबाच्या हिशोबाने तिसऱ्याला, जॉन्सनने घड्याळ थांबवायला परत चेंडू आपटला. दोन सेकंद उरले होते. चेंडू मिसुरीला मिळून सामना तिथेच संपायला हवा होता. त्याऐवजी पाचवा डाउन खेळला गेला, जॉन्सन रेषेत घुसला आणि पंचांनी टचडाउन दिलं. तेव्हाही तो रेषेपर्यंत पोचलाच नव्हता, असं मिसुरीचे पाठीराखे म्हणतात. निकाल ३३-३१.

बिग एट कॉन्फरन्सने त्या पंचांना अनिश्चित काळासाठी निलंबित केलं. गुण मात्र तसेच राहिले, कारण पंचांनी सामना संपल्याचं जाहीर केलं की धावफलक अंतिम होतो. कोलोरॅडोने पुढे ऑरेंज बोलमध्ये नोटर डेमला १०-९ असं हरवलं आणि त्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद जॉर्जिया टेकबरोबर वाटून घेतलं.

या सामन्याचा विषय निघाला की कॉर्नेलचं उदाहरण येतंच. १६ नोव्हेंबर १९४० रोजी डार्टमथविरुद्ध कॉर्नेलनेही पाचव्या डाउनला टचडाउन करून ७-३ असा विजय मिळवला होता. सामन्याची फिल्म पाहिल्यावर चूक उघड झाली, मुख्य पंच रेड फ्रीसेल यांनी ती कबूल केली आणि कॉर्नेलने तार पाठवून विजय सोडला. निकाल ३-० असा डार्टमथच्या नावावर लागला. कोणत्याही नियमाने त्यांच्यावर सक्ती केली नव्हती, म्हणून त्या तारेबद्दल मला अपार आदर आहे.

पण हे उदाहरण कोलोरॅडोला जसंच्या तसं लावणं मला पटत नाही. कॉर्नेलचा चौथा डाउन खराखुरा प्रयत्न होता. त्यांचा पास वाया गेला, तिथे त्यांची संधी संपली. पुढचं सगळं वजा केलं तरी अन्याय होत नाही. कोलोरॅडोने चौथा डाउन आपटून घालवला तो खांबावरचा आकडा खरा मानून. हा चौथा आहे हे कळलं असतं, तर त्यांनी गोलरेषेवर धडक मारली असती. ती यशस्वी झाली असती की नाही, कोणालाच सांगता येणार नाही. षटकात सात चेंडू टाकले गेले, तर सातव्या चेंडूवरच्या धावा वजा करता येतात. पण सहाव्या चेंडूला फलंदाज अजून एक बाकी आहे असं समजून खेळला असेल, तर तो सहावा चेंडू परत कसा खेळवणार?

तरीही कोलोरॅडोचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांचं वागणं चुकलं, हे स्पष्ट म्हणायला हवं. सामन्यानंतर ते मैदान निसरडं असल्याची तक्रार करत राहिले. मिसुरीच्या खेळाडूंच्या हातून विजय निसटला होता, त्याबद्दल दोन शब्द तरी निघायला हवे होते. मॅकार्टनी स्वतः मिसुरीकडूनच खेळलेले. जाहीर खेद त्यांनी व्यक्त केला तो १९९८ मध्ये.

आता रिप्ले आहे, तरी १० सप्टेंबर २०१६ रोजी पुन्हा तेच घडलं. ओक्लाहोमा स्टेट सेंट्रल मिशिगनविरुद्ध २७-२४ असं पुढे होतं, चौथा डाउन, चार सेकंद बाकी. वेळ संपवण्यासाठी क्वार्टरबॅक मेसन रुडॉल्फने चेंडू लांब फेकून दिला. आसपास आपला कोणी खेळाडू नसताना असं फेकणं हा फाउल. पण ज्या फाउलमध्ये डाउनही जातो, त्यासाठी सामना वाढवता येत नाही, असा नियम आहे. पंचांनी तरीही सेंट्रल मिशिगनला एक जादा डाउन दिला. कूपर रशच्या लांब पासवर जेसी क्रोलने चेंडू झेलला, पडता पडता कोरी विलिसकडे टाकला आणि विलिसने टचडाउन केलं. ३०-२७. दोन्ही संघांच्या कॉन्फरन्सनी चूक मान्य केली, पंच निलंबित झाले, निकाल कायम राहिला. आपण काय पाहिलं, ही इथली चूक नव्हतीच. नियम काय सांगतो, इथे पंच चुकले.

चेंडू फेकून देण्याचा तो डाव मुळात आखला का, हा प्रश्न ओक्लाहोमा स्टेटच्या प्रशिक्षकांनाही विचारला गेला आणि योग्यच विचारला गेला. पुढच्या भागात प्रशिक्षकांचेच निर्णय घेऊ. सुरुवात २०२३ च्या मायामी विरुद्ध जॉर्जिया टेक सामन्यापासून : गुडघा टेकला असता तर मायामी जिंकलंच होतं, तरी त्यांनी चेंडू घेऊन धावायचं ठरवलं.