पट्टी नसलेलं इंजिन

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या वाटेवरच्या एका गॅरेजात गेले काही दिवस एक ट्रक उभा आहे. त्याचं इंजिन नेमकं कोणतं, हे कुणालाच ठाऊक नाही. संपादकांना ही भानगड सांगितली तेव्हा ते म्हणाले, जाऊन या. नगद नारायण महाराजांचा हा गड धाकटी पंढरी म्हणून ओळखला जातो. आषाढीला इथे पाय ठेवायला जागा नसते, पण मी गेलो तेव्हा रस्ता मोकळा होता आणि सगळी गर्दी त्या ट्रकच्या बॉनेटभोवती जमली होती.

गाडी टाटा 1210, थोडं नाक पुढं आलेली. मालकाने ती कुणाकडून तरी तिसऱ्या हाताने घेतलेली. आरसी बुकात इंजिन नंबर आहे, पण ब्लॉकवर जिथे तो ठोकलेला असायला हवा, तिथे ग्राइंडर फिरला आहे. व्हॉल्व्ह कव्हरवरची पट्टीही गायब. विकणारा म्हणाला होता, "697 इंजिन आहे." त्या भरवशावर शहरातून हेड गॅस्केट आणलं, ते ब्लॉकवर ठेवलं आणि भोकाला भोक जुळेना. तेव्हा मिस्त्रींना बोलावणं गेलं.

या इंजिनाचं कूळ आधी पाहू. जमशेदपूरला टाटांच्या टेल्कोने 1954 मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. करार पंधरा वर्षांचा होता. 1969 ला तो संपला, रेडिएटरवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचं स्वतःचं नाव राहिलं. इंजिनाचं रक्त मात्र पुढे कैक वर्षं तेच. पुढे पिंपरीलाही ट्रक बनू लागले. ऊसतोड कामगारांना फडावर नेणाऱ्या आणि ऊस कारखान्यावर टाकणाऱ्या बीडच्या गाड्यांचं मूळ शोधत गेलं, तर बहुतेक वेळा या कराराशीच येऊन पोचतं.

मिस्त्री साठीच्या पुढचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणालो. ते आधी हेडकडे पाहत नाहीत. डिझेल पंपावरची मायको कंपनीची पट्टी चिंधीने पुसून पाहतात. तिच्यावर 'पीईएस 6ए 80' अशी सुरुवात. म्हणजे सहा सिलिंडरचा, ए साइजचा, 8 मिलिमीटर प्लंजरचा पंप. एवढं कळल्यावर मी खूश झालो. चाचा झाले नाहीत.

"पंप बी उसना असू शकतो, साहेब. ह्या गाडीत काय मूळचं हाय, ते आधी पाहू द्या."

फायरिंग ऑर्डरचं त्यांना कवतिक नाही. 1-5-3-6-2-4 हा क्रम टाटाच्या इंजिनाचा, कमिन्सच्याही. तो विचारून काही निष्पन्न होत नाही.

मग पट्टी, नंबर, पंप, सगळं बाजूला. हेड उतरवलेलंच होतं. चाचांनी क्रँक फिरवून पहिला पिस्टन वर आणला, डेप्थ गेज टेकवलं, आकडा खडूने ब्लॉकवर लिहिला. मग पिस्टन पार खाली, पुन्हा गेज. वजाबाकी: 120 मिलिमीटर. ही वजाबाकी मला फार आवडली. सिलिंडरचा बोअर घासला जातो, रिबोअर होतो, लायनर बसतो, म्हणून बोअरचा आकडा कालचा आणि आजचा वेगळा असतो. पण पिस्टन किती चालतो, म्हणजे स्ट्रोक, हे क्रँकच्या घडणीत असतं. जर्नल घासले, बेअरिंग अंडरसाइझ घातले, तरी क्रँकची फेक बदलत नाही. लबाडी करायची तर अख्खा क्रँकच बदलावा लागेल, आणि तसल्या उचापतीला इथे कुणाला सवड आहे?

120 म्हणजे 697 बाद. त्याचा स्ट्रोक 128, बोअर 97, सहा सिलिंडरचे मिळून 5675 सीसी. मर्सिडीजच्या 352 ची हीच मापं. 697 या नावातच 6 सिलिंडर आणि 97 चा बोअर दडलेला आहे. 120 स्ट्रोकचे तीन जण उरले: 90 बोअरचं जुनं मर्सिडीज 312, 92 बोअरचं 692 आणि 102 बोअरचं टाटा कमिन्स. बोअर गेजने माप आलं 92.5 च्या आसपास. कमिन्स गेलं. आता 692 ला पहिलं ओव्हरसाइझ लागलंय, की 312 ला कुणी अडीच मिलिमीटर खरवडलंय? चाचांनी पिस्टनच्या डोक्यावरचा काजळीचा थर खरडला. खोलगट वाटी दिसली. प्री-चेंबरचं 312 असतं तर ज्वलनाची पोकळी हेडमध्ये असती आणि ग्लो प्लगची भोकंही. हे डायरेक्ट इंजेक्शनचं. "692 डीआय," चाचा म्हणाले आणि हात पुसायला चिंधी शोधू लागले.

मालकाला वाटलं, सुटलो. तिथून पुढे खरं दळण सुरू झालं. 692 चा गॅस्केट संच मिळेल, पण अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझचे सहाही पिस्टन एकाच कंपनीचे मिळवायचे, नाहीतर वजनात फरक पडून इंजिन थरथरणार. बीडच्या एका दुकानात चार आहेत. बाकीचे भंगारातल्या हाफ इंजिनातून काढायचे, तर तेही कुणी कधी घासलेले असतील कोण जाणे.

आणि पासिंग. आरसीवर एक नंबर, ब्लॉकवर नंबरच नाही. घासलेली जागा दिसली की चोरीची शंका येणारच, आणि ती गैरही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. जुन्या मालकाने तो केला, परवानगीचा कागद ठेवला नाही आणि आता त्याचा फोनही लागत नाही. शिवाय 15 वर्षांवरच्या जड मालवाहू गाड्यांची फिटनेस फी 1 एप्रिल 2022 ला 12,500 रुपये झाली होती. मालकाने बोटांवर हिशेब केला: पिस्टन, लेथ, फी, एजंट. गाडीची किंमत त्याहून किती जास्त, हे त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

दसरा तोंडावर आहे आणि मुकादमाची उचल घेऊन झाली आहे. ऊसतोडीच्या टोळीला याच गाडीने कारखान्यावर पोचवायचंय. गाडी निघाली नाही तर दुसऱ्याची भाड्याने घ्यावी लागेल. चाचा म्हणतात, गाडी आपण चालू करून देऊ, कागद तुमचे तुम्ही बघा. मालक आरटीओत अर्ज करायचा म्हणतो, पण अर्जात इंजिन नंबरच्या रकान्यात लिहायचं काय, याचं उत्तर चाचांच्या गेजमध्ये नाही. तोवर दोन पिस्टन कुठे मिळतात, म्हणून गेवराईला फोन लावणं चालू होतं.