निळ्या नसा, बिनटाक्याचा इलाज

संध्याकाळी साडेसातला रत्नागिरीच्या राम आळीतल्या कुठल्याही साडीच्या दुकानात शिरा. गिऱ्हाइकाला बसायला गादी, प्यायला पाणी. काउंटरमागची मुलगी मात्र सकाळपासून उभी! हसतमुखाने पन्नासावी साडी उलगडताना ती कधी या पायावर भार टाकते, कधी त्या. आपल्या गावात अशी ‘उभी’ माणसं भरपूर. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी निवडणाऱ्या बायका, सीझनला आंब्याच्या पेट्या भरणारे कामगार, एसटीचे कंडक्टर, शाळेतल्या बाई, हॉस्पिटलमधल्या सिस्टर.

आणि तुम्ही? एसी ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर, मस्त खुर्चीत. म्हणजे सुटलात? छे! पोटरी हलत नाही ही गोष्ट दोघांचीही सारखीच. मग एक दिवस थ्री-फोर्थ घालताना गुडघ्यामागे निळसर, वळवळणाऱ्या गांडुळासारखी शीर दिसते आणि टेन्शन सुरू. यालाच म्हणतात व्हेरिकोज व्हेन्स.

गळकी झडप

पायातलं अशुद्ध रक्त हृदयाकडे परत न्यायचं म्हणजे वर चढवायचं. हे काम पोटरीचा स्नायू करतो, म्हणून तर डॉक्टर पोटरीला ‘दुसरं हृदय’ म्हणतात. आपण चाललो की स्नायू शिरेला दाबतो, रक्त वर सरकतं. ते खाली घसरू नये म्हणून शिरेत जागोजागी एकेरी झडपा असतात. या झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. घराण्यातला वारसा, बाळंतपणं, वाढतं वजन, वय आणि तासन्‌तास उभं राहणं, ही नेहमीची कारणं.

गंमत बघा, रत्नागिरी हे चढउतारांचं गाव. पूर्वी पाखाड्या चढता-उतरताच पोटऱ्यांचा फुकटात व्यायाम व्हायचा. हल्ली कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा आपण स्कूटर काढतो!

मावशीची पोटरी आणि तिच्या लेकीची

माझी मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तीस वर्षं फळ्यासमोर उभी. शिरा फुगलेल्या, पण साडीखाली कोणाला दिसतायत? डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, तेव्हा ती हादरलीच. त्या काळचं ऑपरेशन म्हणजे कमरेत इंजेक्शन, जांघेत काप आणि अख्खी शीर ओढून बाहेर काढायची. मग टाके, काळंनिळं पडलेलं पाऊल-मांडी आणि काही आठवडे घरी. ‘परीक्षा झाल्यावर बघू’ करत करत ती रिटायर झाली. घोट्याच्या वर आतल्या बाजूची कातडी तपकिरी झाली, खाज सुटायला लागली. ती मलम चोळत राहिली. एका गणपतीत मखराचा पत्रा लागून तिथे जरासं खरचटलं आणि ती जखम पुढे सात महिने भरेना. ‘शुगर आहे का गं मावशी तुला?’ प्रत्येक जण विचारायचा. शुगर नव्हती. खालीच साचून राहणाऱ्या रक्तामुळे कातडीचं पोषणच होत नव्हतं.

तिची लेक नर्स आहे, वय चौतीस. आईचा पाय रोज ड्रेसिंग करताना तिला स्वतःच्या पोटरीवरची शीर दिसली. तिने वेळ काढला नाही. डॉपलर केली, कोल्हापूर गाठलं, सकाळी उपचार झाला आणि दुपारी ती स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. टाका एकही नाही. पुढच्याच महिन्यात ती आईलाही तिथेच घेऊन गेली. शीर बंद केल्यावर मावशीची जखम दोन महिन्यांत भरत आली. ‘आधी का नाही गं सांगितलंत कोणी?’ हा मावशीचा प्रश्न, म्हणून हा लेख.

मेन्यूत काय काय?

आधी डॉपलर. ही साधी सोनोग्राफी, पण शक्यतो उभं करून केलेली. कुठली झडप किती गळते हे यात कळतं. डॉपलरशिवाय नुसतं पायाकडे बघून कोणी ‘लेझर करून टाकू’ म्हणालं, तर तिथून निघा. वर दिसणारी शीर ही फांदी असते, गळती बहुतेकदा मुळाशी असते.

लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी: दोन्हींचा फंडा एकच, बिघडलेली शीर आतून तापवून बंद करायची. गुडघ्याच्या आसपास सुई टोचून बारीक तार सोनोग्राफीवर बघत जांघेपर्यंत सरकवतात. शिरेभोवती थंड सलाइन आणि भुलीचं औषध भरतात, म्हणजे आजूबाजूला चटका बसत नाही आणि दुखतही नाही. रेडिओफ्रीक्वेन्सीत तारेचं ७ सेंटिमीटरचं टोक १२० अंशांपर्यंत तापतं, एका टप्प्याला २० सेकंद. दहापैकी नऊहून जास्त जणांची शीर वर्षानंतरही बंदच राहते.

फोम: औषध आणि हवा दोन सिरिंजांमध्ये इकडून तिकडे ढकलून फेस करायचा आणि तो शिरेत सोडायचा. इटलीच्या टेसारी नावाच्या डॉक्टरांनी २००० साली ही सोपी रीत सांगितली. खर्चाला सगळ्यात हलका. पण शीर पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त, एकापेक्षा अधिक वेळा यावं लागतं आणि कातडीवर तपकिरी डाग काही महिने राहू शकतो.

ग्लू: हो, डिंकच! घरी चपलेला लावतो त्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्याच घराण्यातलं, पण वैद्यकीय दर्जाचं सायनोअ‍ॅक्रिलेट. अमेरिकेत २०१५ साली याला मान्यता मिळाली. शीर तापवायची नाही, त्यामुळे भोवती भुलीची इंजेक्शनं नकोत आणि नंतर मोजेही सहसा लागत नाहीत. मात्र खिशाला चाट मोठी, आणि काहींना ग्लूची अ‍ॅलर्जी येते.

मोजे: पोटरी आवळून धरणारे हे स्टॉकिंग्ज सूज आणि ठणका कमी करतात, पण गळकी झडप दुरुस्त करत नाहीत. आपल्या मे महिन्याच्या घामात ते दिवसभर घालणं म्हणजे तपश्चर्याच! पायाच्या धमनीत अडथळा असेल तर घट्ट मोजे घातकही ठरतात, त्यामुळे मेडिकलमधून परस्पर आणू नका.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये क्रमच लावून दिला: आधी लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, ते जमत नसेल तर फोम, तेही शक्य नसेल तर ऑपरेशन. आणि मावशीसारख्यांसाठी २०१८ चा ब्रिटनमधला ४५० रुग्णांचा अभ्यास महत्त्वाचा. ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांच्या जखमा साधारण ५६ दिवसांत भरल्या, थांबलेल्यांना ८२ दिवस लागले.

हमखास विचारले जाणारे प्रश्न

‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ खोलवरच्या मोठ्या शिरांमधून. पायाचं बहुतांश रक्त तिकडूनच जातं. म्हणूनच त्या खुल्या आहेत ना, हे डॉपलरमध्ये आधी बघतात.

‘पुढेमागे बायपासला हीच शीर लागते म्हणे?’ लागते, पण धडकी. फुगून वेडीवाकडी झालेली शीर तिथेही फारशी उपयोगाची नसते.

‘पुन्हा होणार नाही ना?’ बंद केलेली शीर गेली, पण प्रवृत्ती राहते. काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते. ‘कायमचा इलाज, गॅरंटी’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हा. ‘बिनटाक्याचा’ म्हणजे ‘बिनधोक’ नव्हे. क्वचित रक्ताची गुठळी होते, काहींना त्या जागी बधिरपणा येतो.

‘मी प्रेग्नंट आहे, आता करू?’ नको. बाळंतपणानंतर बऱ्याच शिरा आपोआप ओसरतात. तोवर मोजे, चालणं आणि डाव्या कुशीवर झोप.

आणि एक स्टूल

सगळे उपचार झाले, पण परत दहा तास उभंच राहायचं असेल तर काय उपयोग? कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय असावी, हे १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये लिहिलेलं होतं. दुकानातल्या मुलींचं काय? केरळात सेल्सगर्ल्सनी आवाज उठवला आणि २०१८ साली दुकानात बसायचा हक्क कायद्यात आला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. लेझरचा खर्च हजारोंच्या घरात जातो, स्टूल मात्र काही शेकड्यांत येतं. तुमचं दुकान असेल, ऑफिस असेल, तर एवढं कराच.

हे लक्षात ठेवा

• घोट्यापाशी कातडी काळपट पडली, खाज सुटली किंवा रोज सूज येऊ लागली, तर मलम नको, डॉपलर हवी.

• एकच पाय अचानक सुजला आणि दुखायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. ती खोल शिरेतली गुठळी असू शकते.

• फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर घाबरू नका. आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि मग हॉस्पिटल.

• मेडिक्लेम असेल तर आधीच विचारा. त्रासासाठीचा उपचार आणि दिसण्यासाठीचा उपचार यांत कंपन्या फरक करतात.

• कोल्हापुरात उपचार घेऊन लगेच निघणार असाल तर घाट एका दमात उतरू नका. मलकापूरला, साखरप्याला गाडी थांबवा, चहा घ्या आणि दहा मिनिटं चाला.

• रोज अर्धा तास भाट्याच्या किनाऱ्यावर चालणं, बसल्या जागी टाचा वर-खाली, रात्री पायाखाली उशी. याला ना अपॉइंटमेंट लागते, ना पैसे!