जुन्या गाडीचा पंप आणि आम्हाला न आलेलं पत्र

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या आठजणी. तुम्ही आम्हाला पापड, सांडगे आणि लसणाच्या चटणीमुळे ओळखता. आज मात्र हा माल जिच्यातून जातो, त्या गाडीबद्दल बोलणार आहोत. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या दारात आता सेकंडहँड गाडी आली आहे. कुणी दुधासाठी घेतली, कुणी शिवणाच्या ऑर्डरी पोचवायला, कुणी सासूबाईंना दवाखान्यात न्यायला. त्या सगळ्यांनी हे ऐकावं असं वाटलं, कारण आम्हाला जे कळलं ते फार उशिरा कळलं.

आमची गाडी पेट्रोलवर चालणारी, पाच दरवाजांची. घेतली तेव्हा सात वर्षांची होती. गटाची बचत आणि थोडं कर्ज मिळून एक लाख नव्वद हजारांना पडली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण असं कुठल्याही गाडीच्या बाबतीत घडू शकतं. आमच्यातली धाकटी गाडी चालवायला शिकली आणि आम्ही वाई, सातारा, पुण्याच्या प्रदर्शनापर्यंत माल नेऊ लागलो.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग गाडी सकाळी लवकर सुरू होईना. चार-पाचदा किल्ली फिरवावी लागे. सपाट रस्त्यावर नीट चालायची, पण चढ लागला की अडखळायची. उन्हात तास-दोन तास चालवून थांबलो की पुन्हा सुरू व्हायला नखरे. आम्ही मेकॅनिककडे नेली. त्याने प्लग बदलले. पुढच्या महिन्यात बॅटरी बदलली. मग एअर फिल्टर. असे मिळून नऊ हजार गेले आणि दुखणं तिथंच राहिलं.

एकदा पुण्याहून प्रदर्शन आटोपून रात्री परत येताना खंबाटकी घाटात, ऐन चढावर, गाडी बंद पडली. आत आम्ही चौघी आणि अक्कांचा सहा वर्षांचा नातू. मागे भरलेला ट्रक होता. त्या ट्रकवाल्या दादांनी वेळेत ब्रेक लावला, म्हणून आज रेडिओवर बोलतोय. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा घट्ट होतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. धाकटीने हँडब्रेक ओढला, चारी इंडिकेटर लावले, आम्ही डाव्या बाजूने उतरलो आणि चाकांमागे दगड लावले. नातू रस्त्याच्या कडेला अक्कांचा पदर धरून उभा होता, एक शब्द बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मेकॅनिककडे गाडी ओढून नेली. त्याने आधी काही बदललं नाही. पेट्रोलच्या नळीला एक मीटर जोडला आणि दाब पाहिला. म्हणाला, "ताई, प्लग-बॅटरीचा काही दोष नाही. टाकीतला पंप दमलाय."

हा पंप काय करतो, ते आपल्या शेतातल्या ठिबकवरून चटकन समजेल. गाडीची पेट्रोलची टाकी म्हणजे विहीर. टाकीच्या आत, बहुतेक गाड्यांत मागच्या सीटच्या खाली, विजेवर चालणारा छोटा पंप पेट्रोलमध्ये बुडवलेला असतो. ही आपली पाण्यातली मोटर. तिथून पेट्रोल फिल्टरमधून नळीने इंजिनपर्यंत जातं आणि तिथं इंजेक्टर त्याचा बारीक फवारा मारतात. ठिबकला दाब कमी पडला की शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही. तसंच इथं दाब कमी पडला की इंजिनाला चढावर, म्हणजे जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच, ते पुरत नाही. सपाट रस्त्यावर भागून जातं, म्हणून दोष लपून राहतो.

पाण्यातली मोटर कोरडी चालली तर जळते, हे आपल्याला सांगायला नको. गाडीच्या पंपाला थंड ठेवण्याचं काम भोवतालचं पेट्रोलच करतं. आम्ही मात्र शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून कायम काटा लाल रेघेवर ठेवायचो. पैसे वाचवतोय असं वाटायचं. ज्यांची गाडी सीएनजीवर चालते त्यांनीही पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये. टाकीत निदान पाव भाग पेट्रोल राहू द्यावं.

आणखी एक गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या टाकीत बसलेला गाळ सोडवतं. तो गाळ फिल्टरमध्ये अडकतो. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितलं. म्हणून जुनी गाडी असेल तर नळ्या आणि फिल्टर वर्षातून एकदा तपासून घ्यावेत.

नव्या पंपाचा खर्च मेकॅनिकने आठ हजार सांगितला. गटाच्या बैठकीत तो मंजूर होईना. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर तोंडावर होती, तेल-डाळी घ्यायच्या होत्या. त्या ओढाताणीत मेकॅनिकच्या मुलीने, ती तिथंच हिशेब पाहते, विचारलं, "तुमच्या गाडीचा पंप कंपनी फुकट बदलून देते ना? तिचं रिकॉल निघालं होतं." आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो.

रिकॉल म्हणजे परत बोलावणं. गाडी बनवतानाच एखादा भाग सदोष निघाला तर कंपनी त्या काळात बनलेल्या गाड्या बोलावून घेते आणि तो भाग विनामूल्य बदलून देते. पेट्रोलच्या पंपासाठी असं अनेकदा झालं आहे. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपाच्या तपासणीसाठी बोलावल्या. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ जुन्या गाड्यांचे पंप बदलण्याचं जाहीर केलं. त्या पंपांच्या आतल्या फिरत्या चक्रात दोष असू शकत होता, त्यामुळे इंजिन बंद पडण्याची किंवा सुरूच न होण्याची भीती होती. त्याच वेळी होंडाने आणखी २,२०४ गाड्या वेगळ्या सांगितल्या. त्यांच्यात हा पंप पूर्वी सुटा भाग म्हणून बसवला गेला होता. म्हणजे बाहेरून बदललेला भागही रिकॉलमध्ये येऊ शकतो.

मेकॅनिकच्या मुलीने आरसीवरचा चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. हा नंबर १७ अक्षरं-आकड्यांचा असतो, प्रत्येक गाडीचा वेगळा. उत्तर आलं: तुमची गाडी या मोहिमेत आहे. मोहीम जाहीर होऊन सव्वा वर्ष झालं होतं. आम्ही घाटात अडकलो त्याच्या कितीतरी आधी.

मग आम्हाला कुणी का सांगितलं नाही? कंपनीने पत्र पाठवलं होतं. पण ते गेलं पुण्याच्या पहिल्या मालकीणबाईंच्या पत्त्यावर. गाडी त्यांच्याकडून एजंटकडे आणि एजंटकडून आमच्याकडे आली. कंपनीच्या वहीत मात्र अजून त्यांचंच नाव आणि त्यांचाच मोबाइल. आणि आमचीही चूक आहे, ती कबूल करतो. आरसी नावावर करायचं काम एजंटवर टाकून आम्ही आठ महिने विचारलंच नाही. कायद्याप्रमाणे त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात.

पुढची कहाणी शोरूमची. पहिल्या खेपेला म्हणाले, तुमचं नाव सिस्टिममध्ये नाही. दुसऱ्या खेपेला आरसी दाखवली, तर म्हणाले, पार्ट आलेला नाही, फोन करू. फोन आला नाही. तिसऱ्या खेपेला तिथल्या माणसाने सांगितलं, "गाडी नऊ वर्षांची झाली, आता विकून टाका." एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडी ओढून न्यायचा खर्च. धाकटी रडकुंडीला आली. तेव्हा अक्का बोलल्या, "आता तोंडी बोलायचं नाही. कागदावर मागायचं."

आम्ही चॅसी नंबर, मोहिमेची माहिती आणि तिन्ही खेपांच्या तारखा लिहून अर्ज दिला आणि पोच घेतली. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक घेतला आणि तोच मजकूर ईमेलने पाठवला. त्यानंतर सात आठवड्यांनी पंप बदलून मिळाला, एक रुपया न देता. त्या सात आठवड्यांत दिवाळी येऊन गेली. फराळ आम्ही एसटीने पाठवला, जमेल तेवढा. पुण्याच्या दोन सोसायट्यांच्या ऑर्डरी सोडाव्या लागल्या. त्याची भरपाई कुणी दिली नाही, प्लग-बॅटरीचे नऊ हजारही परत आले नाहीत.

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देता येतो. त्यासाठी गाडीमालकांनी सरकारी पोर्टलवर तक्रारी नोंदवायच्या असतात आणि त्या ठरावीक संख्येच्या वर जाव्या लागतात. पण यात सात वर्षांपर्यंतच्याच गाड्या धरल्या जातात. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या आपल्यासारख्यांची गाडी बऱ्याचदा त्या रेघेच्या पलीकडे असते. कंपनीने स्वतःहून जाहीर केलेली मोहीम ही वेगळी गोष्ट. तिच्या यादीत तुमचा चॅसी नंबर असेल तर गाडीचं वय सांगून कुणी परत पाठवू लागलं, तरी लेखी उत्तर मागा.

आता कामाच्या गोष्टी, लिहून घ्या.

जुनी गाडी घेण्याआधीच चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा किंवा शोरूमला विचारा. मोहीम असेल तर काम झाल्याचा कागद विकणाऱ्याकडे मागा.

आरसी आपल्या नावावर झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. वाहन पोर्टलवर आपला मोबाइल नंबर घाला. मग शोरूममध्येही नाव, पत्ता, नंबर बदलून घ्या, कारण ती वही वेगळी असते.

किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते का पाहा. बऱ्याच गाड्यांत तो पंपाचा आवाज असतो. आवाज नाही, किंवा घरघर मोठी झाली, तर दाखवून घ्या. भाग बदलण्याआधी पेट्रोलचा दाब मोजायला सांगा.

गाडीत पेट्रोलचा वास आला तर ती सुरू करू नका. सगळ्यांना उतरवा, काडी-विडी लांब ठेवा, मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर बंद पडलात तर १०३३ वर फोन करा. शोरूम दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

शेवटची गोष्ट विकणाऱ्या मैत्रिणींसाठी. आम्ही त्या पुण्याच्या मालकीणबाईंना फोन केला होता. भांडायला नाही, खात्री करायला. त्या म्हणाल्या, "हो गं, पत्र आलं होतं. गाडी विकली होती म्हणून मी रद्दीत टाकलं. मला काय माहीत त्यात काय होतं!" बिचाऱ्या दोनदा माफी मागत होत्या. खरं तर त्यांचाही दोष नव्हता. पण तुमच्या घरी विकलेल्या गाडीचं पत्र आलं, तर रद्दीत टाकण्याआधी फोडून वाचा आणि ज्यांना विकली त्यांना एक फोन करा.

गेल्या महिन्यात आम्ही गटाच्या बैठकीला सगळ्यांना घरातल्या गाड्यांच्या आरसी आणायला सांगितलं. चहा होईपर्यंत मोबाइलवर अकरा गाड्या तपासून झाल्या. त्यात एका घरची स्कूटर निघाली, जिचं बोलावणं आलेलं त्यांना माहीतच नव्हतं. त्यावर रोज दोन मुली शाळेत जातात. तुम्हीही आपल्या गटात एकदा करून पाहा आणि काय निघालं ते आम्हाला कळवा. नमस्कार.