श्रोता, वाचक आणि नवलेखक : परभणीच्या साहित्यमेळाव्यांच्या निमित्ताने

साहित्य संमेलन ही मराठी वाङ्मयव्यवहारातील एक रूढ संस्था आहे. तिच्याविषयी चर्चाही पुष्कळ होते. परंतु ही चर्चा बहुधा अध्यक्षाची निवड, व्यासपीठावरील राजकीय पुढाऱ्यांची उपस्थिती, संमेलनाचा खर्च आणि संमत झालेले ठराव यांच्याभोवतीच फिरत राहते. मंडपात बसलेल्या माणसाचा विचार तीत क्वचितच आढळतो. हा माणूस कोण असतो, तो तेथे कशासाठी येतो, आणि परत जाताना त्याच्या वाचनात वा लेखनात काही भर पडलेली असते काय, हे प्रश्न वाङ्मयाच्या समाजशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नांची मांडणी करावयाची आहे. मोठी प्रकाशनसंस्था, नियमित समीक्षा करणारे नियतकालिक आणि भरलेले पुस्तकाचे दुकान या तिन्ही गोष्टी ज्या प्रदेशातील नवलेखकापासून दूर असतात, त्या प्रदेशात संमेलन हे त्यांच्या जागी उभे राहते. ते ही जागा कितपत भरून काढू शकते, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

(१)

मराठी संमेलनाची सुरुवात लेखकांच्या सभेतून झाली, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १८७८ मध्ये लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलेली सभा 'ग्रंथकार संमेलन' या नावाने ओळखली जाते. ज्यांनी ग्रंथ लिहिले आहेत वा जे लिहिण्याच्या अधिकाराचे मानले जातात, अशांनी एकत्र यावे, हा तिचा हेतू होता. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले. त्यांच्या नकाराचे पत्र सर्वपरिचित आहे आणि त्याचा सामाजिक आशय अनेकांनी उलगडून दाखविला आहे. त्याचे वाङ्मयीन अंगही तितकेच मोलाचे आहे. सभेत कोण बसले आहे यावरून तेथे कोणते वाङ्मय निर्माण होणार हे ठरते, हे फुल्यांनी ओळखले होते. ज्यांच्या जीवनाचा अनुभव त्या ग्रंथांत नाही, त्यांनी त्या सभेत बसून मान डोलावण्यात काय अर्थ, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

पुढे 'ग्रंथकार' हा शब्द मागे पडून 'साहित्य' हा शब्द आला. तथापि श्रोत्यांमधून लेखक घडावा ही अपेक्षा त्यामुळे आपोआप निर्माण झाली नाही. शिक्षणाच्या प्रसाराबरोबर, विशेषतः १९६० नंतर, ती बळावली. मराठवाड्यात १९५८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. महाविद्यालये तालुक्यांपर्यंत पोहोचली आणि घरात पहिल्यांदाच अक्षर शिकलेली पिढी लिहू लागली. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने लेखक-वाचक मेळाव्यांची जी प्रथा पाडली, तीत या बदलाचे स्वरूप स्पष्ट दिसते. येथे लेखक आणि वाचक ही दोन पदे एकाच जोडशब्दात आली. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळींनी लहान गावी भरविलेल्या मेळाव्यांमागे हीच भूमिका होती. आज जिल्ह्याजिल्ह्यांतून होणारी संमेलने १८७८ च्या सभेपेक्षा या मेळाव्यांची अधिक जवळची वारसदार आहेत.

(२)

परभणीच्या बाबतीत आणखी एक ऐतिहासिक संदर्भ जोडावा लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. जाहीर सभांवर गश्तींचे निर्बंध होते. अशा परिस्थितीत वाचनालय, गणेशोत्सवातील व्याख्यान आणि साहित्यविषयक सभा यांना केवळ वाङ्मयीन अर्थ उरत नाही. मराठीत एकत्र बसून ऐकणे हीच तेथे एक सामाजिक कृती होती. परभणीचे गणेश वाचनालय हे याच काळाचे अपत्य होय. मराठवाड्यातील श्रोत्याला सभेविषयी आजही जी ओढ वाटते, तिचे एक मूळ या इतिहासात सापडते.

बी. रघुनाथ हे या काळाचे सर्वांत बोलके उदाहरण. भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १९१३ मध्ये तत्कालीन परभणी जिल्ह्यातील सातोना येथे झाला. निजामी राज्याच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत त्यांनी कविता, कथा आणि कादंबरी या तिन्ही प्रकारांत लेखन केले आणि १९५३ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, परभणीत त्यांचे निधन झाले. 'आडगावचे चौधरी' आणि 'जगाला कळले पाहिजे' या त्यांच्या कादंबऱ्यांनी मराठवाड्यातील सरंजामी जीवनाचे चित्र मराठी कादंबरीत आणले. कार्यालयात उर्दू, घरी मराठी, आणि मराठी वाङ्मयाची केंद्रे मात्र दुसऱ्या राज्यात, पुण्या-मुंबईला, अशा तिहेरी ओढाताणीत हे लेखन झाले. ज्याला शेजारी वाचक नाही आणि समकालीन समीक्षक जवळ नाही, अशा लेखकाला काय सोसावे लागते, याची कल्पना त्यांच्या चरित्रावरून येते. आजच्या नवलेखकाला मेळाव्याची गरज का वाटते, याचे उत्तरही तेथेच आहे.

१९९५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ६८ वे अधिवेशन परभणीत भरले. अध्यक्षस्थानी नारायण सुर्वे होते. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या, शिपाई आणि नंतर महानगरपालिकेच्या शाळेतील शिक्षक म्हणून नोकरी केलेल्या या कवीने १९६६ मधील आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले होते. विद्यापीठाबाहेरही विद्यापीठ असते हा त्या नावातला आशय, आणि शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यातील संमेलन, यांचा मेळ अर्थपूर्ण होता. फुल्यांनी १८८५ मध्ये ज्या सभेबाहेर राहणे पसंत केले, त्याच परंपरेतील सभेच्या अध्यक्षपदी एकशेदहा वर्षांनी कामगार कवी बसला, ही घटना संमेलनसंस्थेच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे.

(३)

आता संमेलनाच्या अंतर्गत रचनेकडे वळू. ग्रंथदिंडी, उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन, खुले अधिवेशन आणि समारोप हा क्रम सर्वपरिचित आहे. नवलेखकाचा प्रत्यक्ष सहभाग असतो तो कविसंमेलनात. तेथेही दोन पायऱ्या असतात. 'निमंत्रितांचे कविसंमेलन' मुख्य मंडपात होते. ज्याला निमंत्रण नाही त्याच्यासाठी 'कविकट्टा' असतो. कविकट्ट्यावर नाव नोंदवावयाचे, पाळी येईपर्यंत थांबावयाचे आणि मिळालेल्या दोन-चार मिनिटांत एक कविता म्हणावयाची. परगावाहून एस. टी. ने आलेल्या तरुणाची पाळी कित्येकदा जेवणाच्या वेळी येते आणि समोर त्याच्यासारखेच पाळीची वाट पाहणारे कवी तेवढे उरलेले असतात. हा प्रसंग थट्टेचा विषय होतो. पण पहिल्यांदाच आपले शब्द परक्या माणसांसमोर उच्चारण्याचा जो अनुभव तेथे येतो, तो त्या तरुणाला अन्यत्र कोठेही मिळत नाही, हे विसरता येत नाही.

तरीही या व्यवस्थेचा कवितेच्या घडणीवर होणारा परिणाम तपासला पाहिजे. कट्ट्यावर सतत ऐकू येणाऱ्या कवितांत काही लकबी वारंवार आढळतात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच ओळ फिरून येते; आई, बाप, शेत, दुष्काळ असे विषय थेट संबोधून मांडले जातात; आणि शेवटची ओळ टाळीच्या अपेक्षेने बांधलेली असते. जेथे संपादक नाही तेथे टाळी संपादन करू लागते. जी ओळ टाळी घेते ती टिकते, जी घेत नाही ती पुढच्या वेळी गळते. दोन-तीन वर्षे असे चालले की कवी नकळत एकच कविता पुन्हा पुन्हा लिहू लागतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मराठवाड्याची वाङ्मयीन परंपरा मुळात श्रवणाचीच आहे. हा आक्षेप वजनदार आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिची अभंगरचना शतकानुशतके कीर्तनातून आणि भजनातून टिकली. दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांतून बायांनी जनीला आपली सखी मानले. मग ऐकण्यासाठी रचलेल्या कवितेला कमी का लेखावे? उत्तर असे की, हे दोन प्रकारचे श्रवण एक नव्हे. कीर्तनातील श्रोत्याला अभंग आधीच पाठ असतो. कीर्तनकार तो उलगडतो आणि श्रोता आपल्या स्मरणाशी ताडून पाहतो. ओवी तर ऐकणारीच पुढे म्हणणारी होते. हे आवर्तनाचे श्रवण आहे, आणि प्रत्येक आवर्तनात शब्दांची परीक्षा होते. कविसंमेलनातील श्रवण एकवारचे असते. कविता पहिल्यांदा कानावर पडते आणि लगेच दुसरा कवी उभा राहतो. म्हणून जी कविता दुसऱ्या वाचनाची मागणी करते ती तेथे हरते. दोष श्रवणाचा नाही. आवर्तनाच्या अभावाचा आहे.

बोली आणि लय यांच्या बळावर श्रोत्यांपर्यंत पोहोचूनही ग्रंथरूपात टिकणारी कविता याच मातीत झाली आहे, हेही सांगितले पाहिजे. इंद्रजित भालेराव यांचा 'पीकपाणी' हा संग्रह १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणब्याच्या घरातील कामाची भाषा त्यात आली ती केवळ विषय म्हणून नव्हे, तर रचनेचे तत्त्व म्हणून. उलट आसाराम लोमटे यांच्या दीर्घ कथांचे उदाहरण घ्यावे. 'आलोक' या त्यांच्या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातील सत्तासंबंधांचे पदर सावकाश उकलणारी ही कथा दहा मिनिटांच्या कथाकथनात बसणारी नाही. परभणी जिल्ह्यातील एका महत्त्वाच्या लेखकाचे लेखन असे मंचाच्या मापात न मावणारे असावे, ही गोष्ट नवलेखकाने मनात ठेवण्यासारखी आहे.

(४)

आवर्तनाची ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न परभणीतच झाला आहे. बी. रघुनाथांच्या स्मृतिप्रीत्यर्थ सप्टेंबरमध्ये होणाऱ्या महोत्सवात गणेश वाचनालयाने एका दिवशी एकाच पुस्तकाची चर्चा ही पद्धत रुजविली. मिरवणूक आणि ठराव यांचे येथे प्रयोजन नाही. एक ग्रंथ निवडावयाचा, अभ्यासकाने त्यावर सविस्तर बोलावयाचे आणि गावाने ते ऐकावयाचे, एवढीच त्याची रचना. पण या रचनेत पुस्तकाचे नाव आधी कळलेले असते. ते वाचून येणे शक्य असते, आणि ऐकून गेल्यावर पुन्हा वाचणेही. कीर्तनातील आवर्तनाचे तत्त्व येथे छापील ग्रंथाच्या बाबतीत परत आले आहे, असे म्हणता येईल. ज्या लेखकाला हयातीत जवळचा वाचक दुर्मीळ होता, त्याच्या नावाने गावाने वाचक घडवावेत, यापेक्षा उचित स्मारक कोणते?

याचा अर्थ मोठे संमेलन अनावश्यक आहे असा नव्हे. संमेलन धीर देते. वाचन दृष्टी देते. धीराशिवाय पहिली कविता लिहिली जात नाही आणि दृष्टीशिवाय दुसरी लिहून उपयोग नसतो. या दोहोंची सांगड घालण्याचे काम संयोजकांपेक्षा महाविद्यालयीन अध्यापकाला अधिक चांगले करता येते, असे वाटते.

(५)

त्या दृष्टीने काही सूचना कराव्याशा वाटतात. विद्यार्थ्यांना संमेलनास नेण्यापूर्वी अध्यक्षांचे किमान एक पुस्तक वर्गात वाचले जावे. अन्यथा अध्यक्षीय भाषण ही केवळ औपचारिकता ठरते. परिसंवादाचा विषय आधी कळत असल्याने त्यावरील दोन प्रश्न लिहून न्यावेत. ग्रंथप्रदर्शनासाठी स्वतंत्र वेळ ठेवावा. तालुक्याच्या गावी जे पुस्तक एरवी दृष्टीस पडत नाही ते तेथे हाताळता येते, आणि खिशात पैसे नसताना उभ्याउभ्या दहा पाने वाचणारा विद्यार्थी हा त्या मंडपातील सर्वांत गंभीर वाचक असू शकतो. कविकट्ट्यावर कविता म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने परतल्यावर तीच कविता वर्गात कागदावर वाटून, मौनवाचनासाठी द्यावी. टाळी घेणारी ओळ कागदावर उरते की नाही, हे त्याचे त्यालाच कळेल.

अभ्यासाच्या अंगाने आणखी एक काम निकडीचे आहे. जिल्हा आणि तालुका पातळीवरील संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका, स्मरणिका, स्वागताध्यक्षांची व अध्यक्षांची छापील भाषणे आणि कवींच्या याद्या ही वाङ्मयेतिहासाची प्राथमिक साधने आहेत. संमेलन उठताच ती रद्दीत जातात. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने निदान आपल्या तालुक्यातील अशी सामग्री जतन केली, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी विषय शोधीत दूर जावे लागणार नाही. एका तालुक्यातील वीस वर्षांच्या कवींच्या याद्या समोर ठेवल्या, तर लिहिणाऱ्या समाजाचा विस्तार कोणत्या थरांपर्यंत झाला, स्त्रियांची नावे केव्हा वाढली, कोणती नावे एकदाच येऊन लुप्त झाली आणि त्यांतील कितींचे पुस्तक निघाले, हे साधार सांगता येईल.

ती लुप्त झालेली नावे हाच खरा चिंतेचा विषय आहे. एकदा कट्ट्यावर कविता म्हणून गेलेला आणि पुन्हा कधीही न आलेला तरुण लिहावयाचा थांबला असेल. कदाचित त्याच्याजवळ सांगण्यासारखे फारसे नसेलही. पण त्याची कविता दुसऱ्यांदा कोणी वाचलीच नाही म्हणून तो थांबला असेल, तर त्या उणिवेची जबाबदारी मंडपात बसलेल्या आपणा सर्वांवर येते.